कुंपण काढल्यानंतर

कारखान्यातला यंत्रमानव कुंपणाआड राहिला, आणि ते कुंपण कोणाच्या भित्रेपणातून उभे राहिलेले नव्हते. 1961 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक यंत्रबाहू कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलून बाजूला ठेवायचे, एवढेच त्याचे काम. माणसाचे हात पोळणारे काम यंत्राने घेतले, याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पण त्या बाहूला ताकद होती आणि जाणीव नव्हती. समोर लोखंड आहे की माणसाची बरगडी, हे त्याला कळत नसे; ठरलेल्या वेळी ठरलेल्या बिंदूला पोचायचे, इतकेच त्याला ठाऊक. 25 जानेवारी 1979 रोजी मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक येथे फोर्डच्या ओतशाळेत सुटे भाग काढायला रॅकवर चढलेला 25 वर्षांचा कामगार अशाच यंत्राच्या आघाताने मेला. यंत्रमानवामुळे झालेला पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद आहे. आपल्याकडे ऑगस्ट 2015 मध्ये हरयाणातल्या मानेसरला पत्रा नीट करायला पुढे गेलेला तरुण कामगार वेल्डिंगच्या यंत्रमानवाच्या तडाख्यात सापडून गेला. माणूस यंत्राच्या हद्दीत शिरला, असे दोन्ही घटनांबद्दल लिहिता येते, आणि ते खोटेही ठरणार नाही. तो तिथे हौसेने शिरला नव्हता, कामासाठी शिरला होता, एवढे मात्र त्या वाक्याने झाकले जाते.

या पुस्तकाचा विषय असलेला यंत्रबाहू ते कुंपण काढून माणसाच्या शेजारी आणून ठेवलेला आहे. त्याला कोबॉट म्हणतात. तो टेबलावर बोल्टने बसतो, दोन माणसांना सहज उचलता येतो आणि माणसाचा धक्का लागला की थांबतो. विक्रीच्या पत्रकांत तो ‘सुरक्षित’ असतो, ‘मित्र’ असतो, कधी कधी चक्क ‘सहकारी’ही असतो. या प्रस्तावनेत मांडायचे ते असे, की ही विशेषणे यंत्राला लावणे चूक आहे. सुरक्षितता आणि सहकार्य हे कामाच्या मांडणीचे गुण आहेत: बाहूच्या टोकाला काय बसवले, वेग किती ठेवला, माणूस कुठे उभा आहे, आणि हे सगळे ठरवताना त्या माणसाला कोणी विचारले का. एकच बाहू एका टेबलावर निरुपद्रवी असतो आणि शेजारच्या टेबलावर घातक. हे नीट समजले नाही, तर कुंपण काढण्याने आपण 1979 च्या मागे जाऊ.

या यंत्राचा इतिहास थोडा उलटा आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन हे दोन प्राध्यापक जनरल मोटर्सच्या एका अडचणीवर काम करत होते. मोटारीची जड दारे, डॅशबोर्ड यांसारखे भाग माणसाने जागेवर बसवायचे, तर कंबर आणि खांदे जातात. यंत्राने बसवायचे, तर शेजारी माणूस उभा राहू शकत नाही. त्यांनी काढलेल्या तोडग्यात यंत्राला स्वतःची चालना जवळपास नव्हतीच. ढकलणारा हात माणसाचा. यंत्र फक्त मार्ग आखून देई आणि भाग भलतीकडे जाऊ देत नसे. म्हणजे पहिल्या कोबॉटची सुरक्षितता त्याच्या दुबळेपणात होती. आज बाजारात दिसणारा कोबॉट त्याचा नामधारी वंशज म्हणावा लागेल, कारण याला मोटारी आहेत आणि तो आपणहून हलतो. 2005 साली डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात एस्बेन ऑस्टरगार्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युनिव्हर्सल रोबोट्स ही कंपनी काढली आणि 2008 च्या अखेरीस पहिला बाहू विकला. सहा सांधे, 850 मिलिमीटरची पोच, 5 किलो उचलण्याची क्षमता आणि स्वतःचे वजन 18 किलोंच्या आसपास. पिंजऱ्यातल्या यंत्रमानवाचे वजन शेकड्यांत किंवा टनांत मोजतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानात येतो. सांध्यातल्या मोटारीला नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढावा लागला, की वाटेत काहीतरी आले असे समजून हा बाहू थांबतो. 2018 नंतरच्या पिढीत मनगटाशी बल मोजणारा संवेदकही आला. शिकवायची रीत आणखी सोपी: बाहू हाताने धरून हव्या त्या जागी न्यायचा आणि ती जागा पडद्यावर नोंदवायची. लेथवर दहा वर्षे काढलेल्या ऑपरेटरला हे जमते, प्रोग्रामिंगची पदवी लागत नाही. माझ्या मते या यंत्रातली खरी क्रांती थांबण्यात नाही, या शिकवण्यात आहे. ती क्रांती किती कारखाने ऑपरेटरच्या हाती देतात, तो प्रश्न वेगळा.

‘धक्का लागला की थांबतो’ या वाक्याजवळ जरा रेंगाळायला हवे, कारण सगळा विश्वास याच वाक्यावर तोललेला आहे. थांबण्याआधी धक्का लागतोच. तो किती चालेल? 2016 साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ‘आयएसओ टीएस 15066’ हा दस्तऐवज काढला आणि त्यात प्रथमच माणसाच्या देहाचा नकाशा मांडून प्रत्येक भागाला मर्यादा घालून दिली. छातीवर बल 140 न्यूटनपर्यंत, पोटावर 110, बोटांवर आणि तळहातावर 140, मांडीवर 220. 140 न्यूटन म्हणजे साधारण 14 किलोंचे वजन टेकल्याइतका जोर. ही मर्यादा भाग चेपून धरला असताना. क्षणभर लागून सुटणाऱ्या धक्क्याला बहुतेक भागांसाठी याच्या दुप्पट सवलत आहे. चेहरा आणि डोके यांना मात्र असा धक्का मुळीच मान्य नाही. या मर्यादांसाठी जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात 100 निरोगी प्रौढांच्या अंगावर 29 ठिकाणी दाब देऊन दुखायला कोठे सुरुवात होते ते मोजले गेले. काम काळजीने केलेले आहे, आणि त्याहून चांगला आधार आज उपलब्ध नाही. पण ही मोजणी निरोगी, सावध, चाचणीसाठी तयार होऊन बसलेल्या माणसांची आहे. दुसऱ्या पाळीचा सातवा तास, ओव्हरटाइम, कडक उन्हाळा, मधुमेहाने बधिर झालेली बोटे, यांचा रकाना त्या तक्त्यात नाही. म्हणून तक्त्यातला आकडा कमाल समजावा. कारखान्यातले आकडे त्याच्या पुष्कळ खाली ठेवावेत.

शिवाय हे आकडे बोथट, गोलाकार पृष्ठभाग गृहीत धरतात. कंपनीतून येणारा बाहू तसाच असतो, गुळगुळीत आणि कडा नसलेला. पण नुसता बाहू काहीच काम करत नाही. त्याच्या टोकाला ग्रिपर बसतो, स्क्रू आवळणारे टोक बसते, कधी वेल्डिंगची टॉर्च बसते. ग्रिपरमध्ये कापलेल्या पत्र्याचा तुकडा असेल, तर 20 न्यूटनचा स्पर्शही हात चिरतो, आणि तेव्हा बाहू नियमाप्रमाणे वेळेवर थांबलेला असतो. मोकळ्या हवेत हाताला लागलेला धक्का हात मागे सरकवतो. तोच हात बाहू आणि टेबलाची कड यांच्यात सापडला, तर मागे सरकायला जागा उरत नाही. म्हणूनच मानकांत सहकार्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. माणूस आत आला की यंत्राने थांबून राहायचे. माणसाने हाताने धरून यंत्र चालवायचे. अंतर मोजून वेग कमी-जास्त करायचा. आणि बल मर्यादेत ठेवायचे. कोणत्या कामाला कोणती रीत, हे काम पाहूनच ठरते. यंत्रमानवांच्या सुरक्षिततेचे मूळ मानक, आयएसओ 10218, 2025 साली नव्याने आले. त्यात ‘सहयोगी’ हे विशेषण यंत्रावरून काढून कामाच्या योजनेला लावले आहे. तज्ज्ञांना हे पटायला वीस वर्षे लागली. विक्रेत्यांना अजून किती लागतील, कोण जाणे.

आता महाराष्ट्रातला पुरावा. पुण्याजवळच्या चाकणला बजाज ऑटोने 2010 पासून कोबॉट वापरायला सुरुवात केली, म्हणजे डेन्मार्कमधल्या पहिल्या विक्रीनंतर दोनच वर्षांनी. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. सुटे भाग हाताळणे, यंत्रात भाग लावणे-काढणे, इंजिनाच्या जुळणीत नेमक्या जोराने आवळणे, अशी कामे त्यांच्याकडे गेली. कंपनीने हा मार्ग धरण्याची कारणे साधी होती. मोटारसायकलची मॉडेले सतत बदलतात, लाइनवर जागा कमी असते आणि पिंजऱ्यातला यंत्रमानव एकदा गाडला की हलत नाही; हा हलका बाहू आज या टेबलावर, उद्या त्या. दुसरा परिणाम समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा. जोर लावण्याचा भाग यंत्राने घेतल्यावर चाकणच्या जुळणीवर स्त्रियांची संख्या वाढली, काही लाइनवर ती निम्म्यापर्यंत गेली, असे कंपनीकडून सांगितले गेले. यातले श्रेय यंत्राचे किती आणि भरतीच्या धोरणाचे किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. आवळायला लागणारा जोर हे स्त्रियांना लाइनवर न घेण्याचे जुने निमित्त होते. ते निमित्त एका यंत्राने संपवले, हे या यंत्राच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

त्याच चाकणच्या कारखान्यात 25 जून 2013 रोजी विश्व कल्याण कामगार संघटनेने संप सुरू केला आणि तो सुमारे 50 दिवस चालला. मागण्यांमध्ये प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 समभाग एका रुपयाच्या दराने द्यावेत, अशी एक मागणी होती. ती मान्य न होताच ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला. हा संप यंत्रबाहूंविरुद्ध नव्हता, आणि तसे रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या मागणीचा आशय आपल्या विषयाला थेट भिडतो. यंत्रामुळे एका पाळीत जास्त गाड्या निघतात, भाग कमी वाया जातो, मनगटे कमी दुखतात; यातला शेवटचा लाभ कामगाराचा, पहिले दोन मालकाचे. पहिल्या दोनांतला वाटा मागण्याची रीत चाकणच्या कामगारांनी शोधली होती. ती रीत व्यवहार्य होती की नाही यावर दुमत असू शकेल. मात्र वाटपाचा प्रश्न काढायचाच नाही आणि ‘सहकारी’ हे नाव वापरत राहायचे, हे काही पटण्यासारखे नाही.

यावर येणारा पहिला आक्षेप रोजगाराचा. नोकऱ्या जातील. या आक्षेपाला दिले जाणारे ठरीव उत्तर असे, की कोबॉट माणसाची जागा घेत नाही, त्याला मदत करतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. सीएनसी मशीनपाशी उभे राहून एक भाग काढायचा, दुसरा लावायचा आणि बटण दाबायचे, हे काम पूर्वी तीन मशीनमागे तीन माणसे करत असतील आणि आता तीन बाहूंवर एक माणूस देखरेख करत असेल, तर दोघांचे काम गेले आहे. त्यांना कोणी घालवून दिले असेलच असे नाही. ठेकेदाराकडून पुढच्या महिन्यात दोन माणसे कमी मागवली जातात, एवढेच. दुसरीकडे भीतीला प्रमाण हवे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांनुसार 2023 साली जगभर सुमारे 5 लाख 41 हजार औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये, भारतात 8,510, आणि जगातल्या एकूण संख्येत कोबॉट दहातला एक. भारतातली बेकारी या यंत्राने आणलेली नाही आणि हे यंत्र अडवून ती जाणारही नाही. माझा निष्कर्ष असा, की कोबॉट माणसाला हटवतो की हलके करतो, हे तो बसवण्याआधीच्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत कामगार क्वचितच असतो. यंत्र आल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा यंत्र मागवण्याआधी बैठकीत बसणे परवडते.

दुसरा आक्षेप इथला, म्हणजे नवेगाव बांधच्या वाचकाचा. गोंदिया जिल्ह्याला या यंत्राशी काय देणेघेणे? इथला उद्योग धानाचा. राइस मिलमध्ये धान येतो, भरडला जातो, तांदूळ सॉर्टेक्स यंत्रातून निवडून पोत्यात भरला जातो. यात सर्वांत कष्टाचे काम पाठीवरचे: 40 किलोंचा धानाचा कट्टा, 50 किलोंचे तांदळाचे पोते, ट्रकमधून छल्लीवर (पोत्यांच्या थप्पीवर), छल्लीवरून ट्रकमध्ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका पुरुषाने एका वेळी उचलायची कमाल मर्यादा म्हणून 55 किलो सुचवले. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. यंत्राची सर्वाधिक गरज असलेले काम शोधायचे, तर ते हेच. आणि नेमके इथेच कोबॉट उपयोगाचा नाही. नेहमीच्या कोबॉटची क्षमता 5 ते 10 किलो, अलीकडच्या मोठ्यांची 20 ते 30; ग्रिपरचे वजन त्यातच धरायचे. पोते लिबलिबीत, पकडायला अवघड, आणि मिलमधली कोंड्याची धूळ सांध्यांना मानवत नाही. युरोपीय बाहू ग्रिपर आणि बसवणीसकट घेतला, तर खर्च वीस लाखांच्या घरात सहज जातो. याच पैशात पट्ट्याचा कन्व्हेअर आणि पोते उचलणारी साधी यारी येते आणि हमालाची पाठ जास्त लवकर वाचते. मोठ्या मिलला पोती रचायचीच असतील, तर कुंपणातला जुना दणकट यंत्रमानव बरा. तिथे कुंपण हवेच. कोबॉट शोभेल तो एक किंवा पाच किलोंच्या पिशव्या खोक्यात भरणाऱ्या पॅकिंगच्या टेबलावर. नवे यंत्र आले म्हणून त्याला काम शोधत फिरायचे, ही चूक मोठ्या शहरांतल्या कारखान्यांनीही केलेली आहे.

तरी इथल्या वाचकाला हे पुस्तक हवे, कारण इथला तरुण इथेच राहत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातून आयटीआय करून निघालेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन आठशेहून अधिक किलोमीटरवरच्या चाकण-रांजणगावला जातो, आणि बहुधा ठेकेदारामार्फत जातो. त्याला बाहूच्या शेजारी उभे करतात आणि अर्ध्या तासाची माहिती देतात. कुंपण नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ त्याने काढला तर दोष त्याचा नाही. शिवाय व्यवस्थेपासून वापरणारा तुटला की चांगली बांधलेली वस्तूही कशी खचते, हे या भागाला शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात, आणि कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर भंडारा-गोंदियाची भातशेती उभी राहिली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, संपली, हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा होताना गाळ काढणे, पाळ राखणे, पाणी सोडणे या कामांवरचा गावाचा हातही सुटत गेला. पाळ तीच, पाणी तेच, तरी पुष्कळ तलाव गाळाने भरले. यंत्रबाहूचेही असेच: त्याच्या शेजारी आठ तास उभा राहणारा माणूस व्यवस्थेत नसेल, तर बाहूत कितीही संवेदक बसवा.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो वकिली नसून खरा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाचे 21 वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवे म्हणत असे. मग बिनकुंपणाचे यंत्र कायदेशीर कसे? उत्तर त्याच कलमात होते: कुंपण घातल्याइतकाच तो भाग त्याच्या जागेमुळे किंवा रचनेमुळे सुरक्षित असेल, तर कुंपणाची सक्ती नव्हती. तेव्हा कोबॉट बसवणाऱ्याने त्याची ही विशिष्ट मांडणी कुंपणाइतकी सुरक्षित असल्याचे दाखवायला हवे; बाहूबरोबर आलेले परदेशी प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे नाही, कारण ते फक्त बाहूचे असते. अडचण आहे ती वेगळीच. 1948 च्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वीज वापरणारे ठिकाण कारखाना ठरायला 20 कामगार लागतात. बाहू जितके वाढतील तितकी माणसे कमी होतील, आणि माणसे वीसच्या खाली गेली की कारखान्यांसाठीच्या नियमांची नजरही तिथून उठेल. मोठे कारखाने स्वतःच्या लौकिकासाठी नियम पाळतील. काळजी आहे ती त्यांना भाग पुरवणाऱ्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपची.

उरला व्यवस्थापकांचा आक्षेप: एवढी काळजी घ्यायची तर यंत्र फारच हळू चालते. बरोबर आहे. स्पर्श सोसता येईल इतक्या वेगाने चालणारा बाहू पिंजऱ्यातल्या यंत्रमानवाच्या मानाने मंदच असतो, आणि महिनाअखेरीस माल कमी पडला की वेग वाढवायचा मोह कोणालाही होतो. त्यावर चांगला इलाज आहे: जमिनीलगत लेसर स्कॅनर बसवून माणूस दूर असताना वेगाने, जवळ आल्यावर सावकाश. त्याला पैसे पडतात. स्वस्त इलाज म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढवणे, आणि त्याला फक्त पासवर्ड लागतो. म्हणून पुढच्या प्रकरणांत यंत्राच्या रचनेइतकीच जागा या सेटिंगला दिलेली आहे, आणि शिकाऊ वाचकाने तिथे घाई करू नये. युनिव्हर्सल रोबोट्सच्या बाहूबरोबर जो हातात धरायचा पडदा येतो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात चार अक्षरांचा एक छोटा संकेत दिसतो. सुरक्षेच्या मर्यादांपैकी एकही बदलली की तो संकेत बदलतो. तो पाहायला पासवर्ड लागत नाही, सुपरवायझरची परवानगीही लागत नाही. बाहू तपासून सुरक्षित ठरवला त्या दिवशीचा संकेत टेबलापाशी लिहून लावलेला असावा, हे मागून घ्यावे. आणि पाळी सुरू करताना पडद्यावरचा संकेत त्याच्याशी जुळत नसेल, तर कोणी काय बदलले ते कळेपर्यंत बाहू सुरू करू नये.